वीतभर उंचीची खिडकी

हाशिमला ‘नको’ म्हणता येत नाही, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. लग्नात वाढपी ओशची परात घेऊन आला की बाकीचे लोक हात आडवा धरतात. हाशिम नुसता हसतो, आणि त्याच्या पुढ्यात पुन्हा भाताचा डोंगर उभा राहतो. मग तो ते सगळं खातो, कारण वाढलेलं टाकणंही त्याला जमत नाही. त्याची सगळी नोकरी कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या वाटण्यात गेली. तिथे मात्र तो कुणाचं ऐकत नसे. “पाण्याला भीड नसते, मुअल्लिम,” तो मला म्हणायचा, “म्हणून पाण्याजवळ मलाही नसते.”

मी त्याचा शेजारी. कोनिबोदोमच्या शाळेत मी भूगोल शिकवला, म्हणून सगळ्यांचा मुअल्लिम. त्याचा मुलगा फर्रुख माझ्याच वर्गात होता. आता आम्ही दोघेही निवृत्त आहोत. आमच्या अंगणांमध्ये एकच बुटकी भिंत आहे आणि तिच्यावरून चहाची किटली इकडून तिकडे जात असते.

हाशिमचं जुनं घर कच्च्या विटांचं होतं. भूकंपाच्या एका धक्क्यानं त्याची मागची भिंत पोटुशा बाईसारखी पुढे आली, तेव्हा नवं घर बांधण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. फर्रुख रशियात, येकातेरिनबुर्गमध्ये कामाला आहे. तो म्हणाला, “बांधा बाबा, मी पाठवतो.” त्याची बायको मोहिरा इथेच, सासूसासऱ्यांजवळ. नवं घर होणार म्हणून सगळ्यांना आनंद झाला. एकटी मुयस्सरआपा गप्प होती.

मुयस्सरआपा म्हणजे हाशिमची बायको. तिच्या हातची नान एकेकाळी अर्धी गल्ली मागून नेत असे. तीन वर्षांपूर्वी तिचं डावं अंग गेलं. तेव्हापासून ती जमिनीवरच्या गादीवर असते, उशांना टेकून. पण घर तीच चालवत होती, आणि ते एका खिडकीच्या जोरावर. जुन्या घराची ती खिडकी जमिनीपासून वीतभर उंचीवर सुरू व्हायची, आमच्याकडच्या जुन्या खिडक्या असत तशी. गादीवर बसल्या जागी तिला तंदूर दिसायचा, जर्दाळूचं झाड दिसायचं, फाटक दिसायचं. “मोहिरा, तंदूर पांढरा पडला, आता पाणी शिंपड!” “अगं, फाटकाशी कोण घुटमळतंय? आत बोलाव, चहा टाक.” कोंबडी कुठे अंडं घालते हेही तिलाच ठाऊक असायचं.

जुनं घर पाडायच्या आदल्या दिवशी तिनं हाशिमला जवळ बोलावलं. मी तिथेच बसलो होतो.

“छताला सोनं लावा, नाहीतर गवत घाला,” ती म्हणाली, “मला काही सांगायचं नाही. फक्त माझी खिडकी खाली ठेवा. एवढीच.” आणि तिनं उजव्या हाताची वीत जमिनीवर उभी धरून दाखवली.

“एवढीच,” हाशिम म्हणाला, आणि त्यानंही आपली वीत तिच्या वितीशेजारी लावली.

आमच्याकडे घर बांधायचं म्हणजे हशर आलाच. सगळी गल्ली कामाला येते, मजुरीचं नाव कुणी काढत नाही. यजमानानं कढईजवळ उभं राहायचं आणि सगळ्यांना पोटभर खाऊ घालायचं. फुकट राबणाऱ्या माणसाला हुकूम सोडायचा नाही. काम सांगायचं ते वडीलधाऱ्यांनी. आमच्यात ते होजीबोबो. वयानं सगळ्यांत मोठे, तरुणपणी गवंडी, आणि रीतीला अतिशय पक्के.

या रीतीतली एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे कुठलीही गोष्ट तीनदा विचारतात. पहिल्यांदा विचारतात तो शिष्टाचार, त्याला ‘छे छे’, ‘आपली मर्जी’ असं म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारतात ती माया, तिलाही तसंच म्हणून मान तुकवायची. तिसऱ्यांदा विचारलं की मनातलं बोलायचं. हाशिमचं लग्नही असंच ठरलं होतं. मुयस्सरच्या बापानं दोनदा नकार दिला आणि तिसऱ्या खेपेला नान मोडून हाशिमच्या बापाच्या हातात ठेवली.

हशरच्या दिवशी पायापासूनचं काम जोरात चाललं. मी विटा पुढे देण्याच्या रांगेत होतो. दुपारच्या नमाजाची वेळ होत आली होती, कालवलेलं सिमेंट उन्हात आवळत चाललं होतं, आणि भिंत नेमकी खिडकीपर्यंत आली होती. होजीबोबो स्वतः थापी घेऊन उभे होते.

“हाशिम!” ते ओरडले. “खिडकी कुठून काढू रे?”

हाशिम कढईत गाजरं टाकत होता. त्यानं झारा खाली ठेवला, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, “बोबो, तुमच्यापुढे मी काय सांगणार? आपली मर्जी.”

आणि तो थांबला. दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत उभा राहिला. मी त्याचा चेहरा पाहत होतो. तिसऱ्या वेळचं उत्तर त्याच्या ओठांशी येऊन बसलेलं होतं.

पण होजीबोबोंनी थापीत सिमेंट घेतलं. “मग कमरेपासून काढतो! आजकाल असंच करतात. हं, वीट द्या, वीट! सिमेंट काय तुमच्या सासऱ्याची वाट बघणार आहे?”

सगळे हसले. विटा पुढे सरकल्या. आयुष्यभर तीनदा विचारणाऱ्या माणसानं त्या एका दिवशी एकदाच विचारलं होतं. हाशिमनं झारा उचलला. गाजरं बुडाला लागली होती.

संध्याकाळी भिंत उभी होती, सरळ, देखणी. मुयस्सरआपा तेव्हा आमच्या घरी होती. तिनं विचारलं, “झाली का खिडकी?”

“झाली,” हाशिम म्हणाला. आणि कढई घासायला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं उस्तो नबीला, म्हणजे नबी मिस्त्रीला गाठलं. पुढचं सगळं काम या नबीकडे होतं. माणूस सरळ. त्यानं भिंतीवर हात फिरवला.

“वरची तुळई तशीच राहील, अको. खालचं फोडतो, एका दिवसाचं काम. पण विटा होजीबोबोंच्या हातच्या आहेत. ते दिवसातून पाच वेळा इथून मशिदीत जातात. त्यांना आधी विचारून या, मग मी हातोडा उचलतो.”

“तूच विचार ना.”

“मी? तुमचं घर आणि शिव्या मी खाऊ?”

हाशिमनं फर्रुखला फोन केला. फर्रुखनं तर खिडक्या दुकानात फोटोवरून पसंत करून टाकल्या होत्या, पांढऱ्या प्लास्टिकच्या, सगळ्या एका मापाच्या. “बाबा, जमिनीला खिडकी? ते घर आहे की कोंबड्यांचं खुराडं? लोक काय म्हणतील, पोरानं रशियातून पैसे पाठवले आणि बापानं तबेला बांधला? आईला मोठा टीव्ही लावून देतो.”

“तिला टीव्ही नको रे, तिला तंदूर...”

“बाबा, फोन जरा फिरवा बरं. छत दाखवा.”

हाशिमनं फोन फिरवला. छताचं फर्रुखनं ठरवलं: जिप्समच्या दोन पायऱ्या, मधे सोनेरी वेल, कडेनं निळे दिवे. भिंतींचा रंग मोहिरानं ठरवला, फिका जांभळा, तिच्या मावशीकडे आहे तसा. पडदे मोहिराच्या आईनं ठरवले, दुहेरी, गोंडे लावलेले. मेहमानखान्याचं दार नबीनं ठरवलं. प्रत्येकानं हाशिमला विचारलं, एकेकदाच, आणि प्रत्येकाला त्यानं छातीवर हात ठेवून ‘तुमची मर्जी’ म्हटलं. “मुअल्लिम,” तो एकदा मला म्हणाला, “या घरात माझं काय आहे सांगू? जोडे ठेवायची जागा. तीही मोहिरा बदलणार म्हणतेय.”

मी म्हटलं, “चल, होजीबोबोंकडे जाऊ. मी सोबत येतो.”

गेलो. म्हाताऱ्यानं मायेनं बसवून घेतलं, चहा ओतला. हाशिम पेल्यात बघत राहिला. शेवटी मीच सुरुवात केली, “बोबो, ती हाशिमकडची भिंत...”

“ती भिंत!” होजीबोबोंचा चेहरा उजळला. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. हात थरथरत होते. “बघा हे. त्या दिवशी घरी आलो आणि पेला धरवेना. मुलगा म्हणाला, बोबो, पुरे आता. म्हणजे हाशिमची भिंत ही माझी शेवटची. रोज जाता-येता बघतो. ओळंबा लावून बघ म्हणावं कुणीही! केसाचा फरक निघायचा नाही. हो ना रे, हाशिम?”

“नाही निघायचा, बोबो,” हाशिम म्हणाला.

आम्ही परत निघालो. वाटेत तो एकदाच बोलला. “आता ती भिंत म्हणजे कबरीचा दगड झाली. तो कसा फोडू?”

घर पूर्ण झालं. मुयस्सरआपाला नव्या खोलीत आणलं, नवी गादी घातली. तिनं छत पाहिलं, वेल पाहिली, दिवे पाहिले. मग खिडकीकडे तोंड केलं. खिडकीत नुसतं आभाळ होतं.

“छान उजेड आहे,” ती म्हणाली.

हाशिमनं लगेच हार मानली नाही, हातपाय मारून पाहिले. एक लोखंडी पलंग आणला. पलंगावरून अंगण दिसे खरं. पण गल्लीतल्या बाया भेटायला आल्या, त्या खाली बसल्या आणि ही वर, त्यांच्या डोक्यांच्याही वर. आपा शरमेनं लाल झाली. “मला खाली काढा,” ती म्हणाली, “मी काय अमीराची बेगम आहे? नाहीतर मेलेली आहे, चार जणांच्या खांद्यावरची?” पलंग मागच्या खोलीत गेला. मग मोहिरा आणि हाशिम तिला उचलून ओसरीवर नेऊ लागले. नव्या घराचा चौथरा उंच, पायऱ्या उंच; हाशिमच्या कमरेत कळ यायची. ती तिला कळायचीच. “मी गालिचा आहे का उन्हात टाकायला? राहू दे.” मोहिरानं फोनवर अंगण दाखवलं. आपानं तो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला. “हे अंगण फर्रुखसाठी ठेव गं,” ती म्हणाली. “तो लांब आहे.”

आता आशा एकच उरली होती. नव्या घराचा ओश, म्हणजे घरभरणीचं जेवण, व्हायचा होता. त्या दिवशी होजीबोबो घर बघायला येणार, आणि रीतीप्रमाणे यजमानाला विचारणार: काही उणं आहे का? ते विचारताना घाई नसते. तीनदा विचारतात.

“या वेळी सांगेन,” हाशिम मला म्हणाला. “तिसऱ्यांदा विचारलं की सांगेन. होऊ दे काय व्हायचं ते.” हे तो मुयस्सरआपाच्या देखत म्हणाला. शेवटच्या भिंतीची गोष्ट तिला मीच सांगितली होती.

त्या दिवशी पुरुषमंडळी मेहमानखान्यात जेवली. हात धुऊन झाल्यावर होजीबोबो काठी टेकत आपाच्या खोलीच्या दाराशी आले, मागे हाशिम आणि मी. म्हातारा आधी भिंतीपाशी गेला. खिडकीखालच्या विटांवर आता जांभळा रंग होता. त्यांनी तळहात त्यावर ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

“मुबारक असो,” ते म्हणाले. “हाशिम, घरात काही उणं आहे का?”

“छे छे, बोबो. देवाची कृपा.”

“मोकळेपणानं सांग हं. काही राहिलं असेल तर?”

“आपल्या हाताला काय उणं राहणार, बोबो?”

होजीबोबो गादीकडे वळले, मग पुन्हा हाशिमकडे. या वेळी त्यांचा आवाज खाली आला. “मी म्हातारा झालो. त्या दिवशी घाई झाली असेल, चुकलं असेल. तिसऱ्यांदा विचारतो. उणं आहे का काही?”

हाशिमनं तोंड उघडलं. मला त्याचा श्वास ऐकू आला.

“काही उणं नाही, बोबो,” मुयस्सरआपा गादीवरून म्हणाली. “तुमची भिंत फार छान आहे. हिवाळ्यात वारं लागायचं नाही मला.”

“जियो, बेटी,” होजीबोबो म्हणाले, आणि त्यांनी दोन्ही थरथरते हात तोंडावरून फिरवून दुवा दिली. आम्हीही फिरवले. दुवा दिली गेली की त्यानंतर कुणी काही बोलत नाही.

हाशिम नंतर तिच्यावर चिडला. चिडला म्हणजे काय, गादीच्या कडेला बसून राहिला. “मी सांगणार होतो,” तो म्हणाला.

“ठाऊक आहे. म्हणून तर मी आधी बोलले.” आपानं उशी नीट केली. “हातातला पेला धरवत नाही त्या माणसाला. त्याला काय सांगणार होतात तुम्ही?”

काल सकाळी मी किटली द्यायला गेलो, तेव्हा हाशिम त्या खिडकीशी उभा होता, दोन्ही हात चौकटीवर टेकून, आणि बाहेर बघून सांगत होता. रोज सकाळी सांगतो.

“मोहिरानं तंदूर पेटवला. धूर सरळ वर जातोय.”

“सरळ कसा जाईल? पहाटेपासून पानं वाजताहेत. नीट बघा.”

“बरं, जरा वाकडा जातोय.”

“कुणीकडे?”

“मुअल्लिमच्या भिंतीकडे.”

“मग आज पाऊस नाही. जर्दाळू?”

“आहेत की.”

“आहेत म्हणजे? पिकले की हिरवे? खाली किती पडले? हा माणूस पंचेचाळीस वर्षं अंगणात राहिला, मुअल्लिम, आणि याला अंगण बघता येत नाही. तुम्ही सांगा.”

मी किटली खाली ठेवली आणि हाशिमशेजारी जाऊन उभा राहिलो. पाहिलं. मुलांना नकाशा वाचायला शिकवण्यात माझा जन्म गेला, पण त्या अंगणातलं नेमकं काय आधी सांगावं, हे मला सुचेना.