भिंत पडली, दोष मिस्त्रीने घेतला

तेओदोसियो क्कोरी आमच्या डोंगरातल्या कालव्याचा मिस्त्री. अर्धं आयुष्य मी त्याच्या हाताखाली दगड वाहिले. हललेला दगड दिसला की तो जेवण टाकून उठायचा. त्याला स्वस्थ बसलेलं मी कधी पाहिलं नाही.

त्या वर्षी पेरणीच्या तोंडावर अख्खं गाव कालवा साफ करायला उतरलं. आमच्यातल्याच उबाल्दोने घाई केली. मिस्त्री नको म्हणत असताना त्याने कालव्याच्या भिंतीच्या पायातला दगड पहारीने उपसला. भिंत त्याच्यावर आली आणि मांडीचं हाड मोडलं.

दवाखान्यातून खबर गेली, पोलीस आले. काय झालं, असं त्यांनी विचारलं. मिस्त्री टोपी काढून म्हणाला, "दोष माझा."

आमच्याकडे कामावर कोणाला इजा झाली की मिस्त्री असंच म्हणतो. मग जखमी माणसाचं शेत तो नांगरून देतो आणि विषय मिटतो. खरं कोण चुकलं ते सगळ्यांना ठाऊक असतं, पण बोलत कोणी नाही. पोलिसांनी मात्र तो कबुलीजबाब धरला आणि त्याला तालुक्याच्या कोठडीत नेलं.

मी उकडलेले बटाटे घेऊन गेलो. तो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालत होता. पाऊस जवळ आलाय, उबाल्दोचं शेत तसंच पडलंय, एवढंच बोलत होता.

आरोपीला वकील सरकारच देतं. तशा आलेल्या मिलाग्रोसबाईंनी त्याला समजावलं. अटक म्हणजे शिक्षा नव्हे. आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे. वकील नसताना दिलेली कबुली टिकत नाही. आज न्यायाधीश एवढंच ठरवणार, की खटला उभा राहीपर्यंत त्याने आत राहायचं की घरी. तेव्हा त्याने गप्प बसावं.

"मी गप्प बसलो तर उबाल्दोवर जाईल, बाई."

"मग खरं काय ते सांगा."

"ते तर त्याहून वाईट."

"तुमची भिंत बरी, मिस्त्री. ती निदान हलली तरी."

कोर्टात सरकारी वकील म्हणाला, आरोपीने स्वतः कबूल केलंय, त्याला आतच ठेवा. न्यायाधीशांनी आरोपीला काही सांगायचंय का विचारलं, तोवर मिस्त्री उभा राहिलाही होता.

"साहेब, काम माझं, दोष माझा. उबाल्दोचं शेत तेवढं नांगरून येतो. मग ठेवा आत."

मागे कोणीतरी हसलं. मिलाग्रोसबाईंनी कपाळाला हात लावला.

"इथे दोष असा अंगावर घेता येत नाही," न्यायाधीश म्हणाले. "तो सिद्ध व्हावा लागतो."

"मग तो फिटतो कधी, साहेब?"

न्यायाधीशांनी कागद पुढे ओढला. माणूस पळून जाणारा नाही, असं म्हणून त्याला सोडलं. दर महिन्याला येऊन सही करायची. खटला चालू राहणार.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याने उबाल्दोच्या शेतात बैल घातले. दुपारी उबाल्दोची बायको देल्फिना चिचा, म्हणजे मक्याची घरगुती दारू, घेऊन आली.

"बसा हो मिस्त्री. मिटलं आता."

"गावात मिटलं," तो म्हणाला आणि उभ्यानेच प्यायला.

बैल वळवताना दर वेळी तो खालच्या रस्त्याकडे बघत होता. पोलिसांची गाडी त्याच रस्त्याने यायची. नांगराचे तास वाकडे पडत गेले. मी बांधावरून सांगितलं, तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं, बैल परत फिरवले आणि पहिल्या तासापासून पुन्हा नांगर धरला.