समोरून टोचणाऱ्या सिस्टर

सिस्टर इंजेक्शन कधी पाठीमागे लपवायच्या नाहीत. पेशंट शिव्या देऊ दे नाहीतर थुंकू दे, त्या समोर उभ्या राहून सिरिंज दाखवायच्या. "हे बघ दादा, सुई आहे. समोरून टोचणार. झोप येईल, मरणार नाहीस." आणि वर विचारायच्या, "कुठल्या हातावर देऊ?"

तुम्ही कधी कॅज्युअल्टीबाहेर बसला असाल तर तुम्हाला ठाऊकच असेल. बिथरलेला माणूस आला की सगळे एकच ओरडतात, "धरा! टोचा!" आमच्या कल्याणच्या हॉस्पिटलातही तेच. मी तेव्हा नवी नर्स, कोपरहून यायचे, आणि मला सिस्टरांचा भारी वैताग यायचा. अहो, इथे माणूस खाट उलथवतोय आणि या त्याला हात निवडायला सांगतायत! पण खोटं कशाला बोलू, बरेच जण खरंच हात पुढे करायचे. एकाने तर बजावलं, "डाव्यावर द्या, उजव्याने जेवायचंय."

टोचण्याआधी त्या बोटातून रक्त घेऊन साखर बघायच्या. नवरात्रात कडक उपास केलेल्या एका डायबेटिसवाल्याला घरच्यांनी "अंगात आलंय" म्हणून धरून आणलेलं. साखर पार तळाला गेलेली. ग्लुकोज चढलं आणि देवी निघून गेली! आणि इंजेक्शन दिलंच, तर स्टूल ओढून पेशंटचा श्वास बघत बसायच्या. "झोपवणं सोपं असतं गं," म्हणायच्या. "नंतर बघायला कोणी थांबत नाही."

'शांत' या शब्दावर त्यांनी बंदी घातलेली. झालं असं, की एका नव्या डॉक्टरने बाहेर जाऊन पेशंटच्या बायकोला आदबीने सांगितलं, "तुमचे मिस्टर शांत झाले." बाईने हंबरडा फोडला आणि भिंतीवर हात आपटून बांगड्या फोडल्या. आत नवरा घोरतोय! सिस्टरांनी तिला आत नेऊन ते घोरणं ऐकवलं, मग बाजारातून हिरव्या बांगड्या आणून स्वतः तिच्या हातात भरल्या. "आपल्यात मेलेला माणूस शांत होतो," त्या डॉक्टरला म्हणाल्या. "झोपलाय म्हणा."

त्यांचा धाकटा भाऊ मनाने आजारी होता. गोळ्या घेतल्या की चांगला असायचा. सोडल्या की झोप उडायची आणि सगळ्यांचा संशय यायचा. पहिल्यांदा आजारी पडला तेव्हा कुठल्याशा दवाखान्यात त्याला मागून दाबून टोचलेलं. ती भीती त्याच्या मनातून जाईना. तेव्हा सिस्टरांनी त्याला शब्द दिलेला, "मी असेन तिथे तुला कोणी मागून हात लावणार नाही."

एका दुपारी शेजाऱ्यांनी त्यालाच आमच्याकडे आणलं. अनवाणी, ओठ फुटलेला, आरडाओरडा करत. डॉक्टरांनी इंजेक्शन सांगितलं. "मी देते," सिस्टर म्हणाल्या आणि सिरिंज घेऊन त्याच्या समोर गेल्या. तो चक्क खाटेवर बसला, बाही वर केली. मी हुश्श केलं. मग त्याने विचारलं, "ताई, हे झालं की घरी नेशील ना?"

मी मनातल्या मनात ओरडत होते, म्हणा हो, बोला की खोटं! काय बिघडतंय?

"आज नाही रे," त्या म्हणाल्या. "ॲडमिट व्हावं लागेल."

तो उठला तो थेट काचेच्या दारावर. कपाळ आपटलं, परत आपटलं. काचा, रक्त. वॉर्डबॉयनी हात धरले, मी पाय धरले. तो आम्हाला आवरेना. "सिस्टर, द्या!" डॉक्टर ओरडले. आणि सिस्टरांनी मागून दिलं.

त्याने मान वळवून पाहिलं. "ताई, तू?" एवढंच म्हणाला.

तो झोपल्यावर त्या श्वास बघत बसल्या आणि घळाघळा रडल्या. डॉक्टर म्हणाले, दुसरा इलाज नव्हता. खरंच नव्हता हो!

"मला कळतंय," सिस्टर म्हणाल्या. "त्याला कोण सांगणार?"

बरा झाल्यावर तो त्यांच्या हातची गोळी सोडा, पाणीही घेईना. खडवलीला मामाकडे जाऊन राहिला. सिस्टर नोकरी सोडून त्याच्यामागे गेल्या. आम्ही पुष्कळ समजावलं. "जवळ येऊ देत नाही तर लांबून बघेन," म्हणाल्या, "पण गोळ्या घेतोय का ते बघेन."

गेल्या महिन्यात मी त्यांना भेटायला गेले. ओट्याच्या एका टोकाला तो वाल सोलत बसलेला, दुसऱ्या टोकाला सिस्टर. किती वाळलेल्या! मला बघून त्यांचा चेहरा फुलला. मी फाटक उघडणार तेवढ्यात त्याने वर पाहिलं.

"हिने माझे पाय धरलेले," तो म्हणाला. "ही आत नको."

सिस्टर उठून फाटकापर्यंत आल्या. माझ्या गालावरून हात फिरवला.

"रागावू नकोस गं," हळूच म्हणाल्या. "आजच त्याने मला ओट्यावर बसू दिलंय."

आणि त्यांनी फाटकाला आतून कडी घातली.