गाय वरडायली

साठ वर्सं झाली मला ढोरांत. धार काढनं, शेण भरनं, वासरू अडलं तर पाय धरून वढनं, समदं म्याच केलं. शाळा दुसरीपस्तोर. नात बारावी झाली आन् म्हनली, "आजी, मला ढोरांची डॉक्टर व्हायचंय."

जालन्याकडच्या एका कॉलेजात ढोरांच्या डिप्लोमाला मुलाखत घेऊन भरती करत्यात. लेक म्हनला, "सोयाबीन सोडून म्या येत न्हाई, तूच जा." मंग राजूरहून एसटीनं आम्ही दोघीच गेल्तो.

आत टेबलाला तीन सायब. म्या भाईर बाकड्यावर, दार उघडंच. दातावरून बैलाचं वय कसं सांगशील, पोट फुगलं तर काय करशील, पोरीनं बराबर सांगितलं. मंग चष्म्यावाल्यानं इचारलं, "गाय माजावर आलेली कशी ओळखशील?"

पोरगी गप. मान खाली.

तिला येत न्हाई? आमच्या गाईचं माह्या आंधी तिलाच कळतं. गाय वरडती, दूध चोरती, मागून चिकट तार लोंबती. सकाळी दिसलं की सांजच्याला गाय भरवायला डॉक्टरला बोलवा, ह्ये बी तीच सांगती.

चष्मेवाला हसला. "लाजायचंच असेल तर ब्युटी पार्लरचा कोर्स कर, बाई."

माह्या अंगाची आग झाली. पर त्याच्यापरीस जास्ती राग मला माहाच आला. पोरगी धा वर्साची व्हती तवाची गोष्ट. ओसरीत सोयरे चहा पीत बसल्ते. ही पळत आली, "आजी, तांबडी माजावर आली!" समद्यांम्होरं म्या तिच्या थोबाडात दिली. "बाप्या मानसांम्होरं असं बोलत्यात का? गाय वरडायली म्हनावं, आन् घरात जावं." माह्या आईनं मला तसंच शिकविल्तं. बाईला आंधी दिसतं, आन् बाईनंच तोंड मिटायचं.

उठले, आत गेले. "सायब, तिला समदं येतं. म्या मारून तिचं तोंड बंद केलं. परत इचारा."

"आजी, बाहेर बसा. मार्क टाकून झाले."

"पेनानंच टाकले न्हवं? मंग खोडा."

तिघं बी हसले. पोरगी माहा पदर वढायली, "आजी, चल ना." म्या हालले न्हाई. म्हनलं, "तुमच्या आईनं कधी तुमच्याम्होरं ह्यो माजाचा शब्द काढला का? सांगा."

हसनं बंद झालं. पर मार्क खोडले न्हाईत. आठ दिसांनी यादी लागली, तिच्यात पोरीचं नाव नव्हतं. पोरगी दोन दिस जेवली न्हाई. म्या तिला एकदा बी "जाऊ दे" म्हनले न्हाई. काहून जाऊ द्यायचं? म्होरल्या साली परत जायचं.

परवा लेकाजवळ चार मानसं बसल्ती. पोरगी गोठ्यातून आली आन् हळूच म्हनली, "आजी, गाय वरडायली."

म्हनलं, "नीट सांग."

लेक म्हनला, "आई, मानसं बसलेत."

"बसू दे. कॉलेजात बी मानसंच बसल्ती."

पोरीनं माह्याकडं बघितलं. "गाय माजावर आली," म्हनली. मंग तार कशी दिसली, कवा दिसली, डॉक्टरला किती वाजता बोलवायचं, समदं सांगितलं. लेक भुईकडं बघायला लागला. एकानं कप तसाच खाली ठिवला.

आवाज अजून बारीक व्हता.

म्हनलं, "परत सांग. मोठ्यानं."