खिरीला परवानगी

आमच्या घरात अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आहे. बाकी कशात मी कामाचा नाही, यावर घरात एकमत आहे. तर यंदा वाघबारशीच्या आधी मी झोकात लिहिलं : 'विषय : वडिलोपार्जित जागेत वाघोबाच्या नैवेद्याची खीर शिजविण्यास परवानगी मिळणेबाबत.'

अकोले तालुक्यातल्या डोंगरातला तो उतार आजोबांनी कसलेला. तिथंच त्यांचं खोपट, आणि वरच्या अंगाला शेंदूर लावलेला वाघोबाचा दगड. पुढे जमीन हातची गेली. आता ती निसर्ग राखणाऱ्या एका संस्थेकडे आहे, भोवती कुंपण आहे. आईला एकच हवं होतं : हातपाय चालताहेत तोवर एकदा तिथं, देवासमोर खीर शिजवायची. आमच्यात ती घरून नेत नाहीत. तिथंच शिजते, तिथंच संपते.

उत्तर आलं. दोन तास मिळतील, विस्तव करायचा नाही.

"मंग वाघोबाला काय बिस्किटं देऊ?" आई म्हणाली.

मी तोडगा काढला, थर्मास. बायको एरवी माझ्या प्रत्येक युक्तीला हसते, या वेळी तेही नाही.

फाटकावर शेजारच्या गावचाच राखणदार होता. आगपेटी आहे का, हे त्यानं अवघडूनच विचारलं. आत आजोबांच्या नाचणीच्या जागी झाडं छान वाढलीत, खोटं कशाला बोलू. मी एका झाडावरची पाटी मोठ्यानं वाचू लागलो, तोवर आई पुढं निघून गेलेली.

गवतात वाकून ती चाचपत होती. मग बोटांनीच माती उकरून तिनं तीन काळे दगड मोकळे केले. त्यांवर पातेलं ठेवलं, थर्मासातली खीर ओतली आणि ढवळत बसली.

"आई, शिजलेली आहे ती."

"शिजू दे की. तुला लई घाई."

खीर शिजायला लागतो तेवढा वेळ आम्ही बसलो. राखणदार दोनदा येऊन धूर शोधून गेला. मग आधी देवाला, मग आम्हाला. त्यालाही द्रोण दिला, त्यानं उभ्यानंच संपवला.

"मावशी, वेळ झाली," तो म्हणाला. "तेवढे दगड हुते तिथं ठिवा. सायेब मला बोलत्यात."

"हुते तिथंच हायेत," आई म्हणाली. "माझ्या सासूची चूल हाय ती."

त्यानं घड्याळ पाहिलं, आणि फाटकाकडं न जाता झाडाखाली जाऊन बसला.