सारजाबाईचे चिंचोके

सारजाबाईबद्दल चांगलं बोलायचं म्हटलं की माझी जीभ अजूनही जड होते. ती माझी धाकटी जाऊ. लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हा ती अठराची, मी तिशीची. रंगानं सावळी, चालताना पाय आपटायची, वरणात मीठ घालायला विसरायची. हेवा करावा असं वरवर पाहता तिच्यात काहीच नव्हतं. तरी माझ्या पोटात दुखायला लागलं, आणि ते दुखणं ओव्यानं थांबण्यातलं नव्हतं.

आधी माझं सांगते. माझं नाव मनकर्णा. वडील वैजापूरच्या तहसिलीत कारकून होते. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी मराठी, उर्दू आणि सरकारी कागद वाचण्याची रीत, सगळं मलाच शिकवलं. सासर औरंगाबादेत, बेगमपुऱ्यात. सासरे तात्यासाहेब, फुलंब्रीकडचे वतनदार. घरात थोरल्या दोन जावांची मिळून तेरा पोरं आणि माहेरी परत आलेल्या नणंदेची चार. सतरा. माझं एकही नाही. देव देतो त्याला भरभरून देतो, आणि ज्याला देत नाही त्याला दुसऱ्याची शेंबडी नाकं पुसायला ठेवतो, असं मी तेव्हा म्हणायची.

पण त्या सतरांना शिकवत मात्र मी होते. सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, सगळं उर्दूतून चालायचं. मुलगे अकरा वर्षांचे झाले की तिकडं जायचे, मुली कुठंच जायच्या नाहीत. खाजगी मराठी शाळा काढायची तर परवानगीच्या अर्जातच वर्षं सरायची. म्हणून तात्यासाहेबांनी ठरवलं, पोरांची शाळा घरातच. न्याहारी झाली की ओसरीवर सतरा पाट्या, आणि समोर मी. सहा वर्षं मी अक्षरं गिरवून घेतली, पाढे घोकून घेतले. त्या दोन तासांत मला कुणी वांझ म्हणत नव्हतं. 'काकी' म्हणत होते, मामी म्हणायला हवी ती नणंदेची पोरंसुद्धा, सतरा तोंडांनी.

आणि निजामाच्या सरकारी फसली सालाप्रमाणं १३४४च्या उन्हाळ्यात सारजा आली. येवल्याची. वैजापूर आणि येवला, मध्ये बैलगाडीची एका दिवसाची वाट, पण तिकडं इंग्रजाचं राज्य आणि इकडं निजामाचं. तिचे वडील तिकडं शाळामास्तर. ती सातवी पास, हे सासूबाई आल्यागेल्याला इतक्या वेळा सांगायच्या की मला वाटायचं, ते दारावर पाटी करून लावावं.

त्याच सुमारास तात्यासाहेबांच्या मनात इतिहास आला. जेवून सुपारी कातरता कातरता ते म्हणाले, "नुसतं लिवणं-वाचणं नाय भागायचं. पोरांना आपण कोण, कुठले, ते कळाया पायजे. पण शिकवायचा कोणता इतिहास, त्याचा इचार करा."

मी लगेच पदर सावरून म्हटलं, "मदरशातलं पुस्तक हाय. उर्दूत हाय, मी मराठीतून सांगते. पोरं पुढं तिथंच जाणार, तर तेच आधी पाठ असलेलं बरं."

माझं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण पुस्तक रुक्ष होतं, हे मलाही ठाऊक होतं. अमका गादीवर आला, तमक्यानं मोहीम काढली, मग तो गेला आणि त्याचा मुलगा आला.

सारजानं तिच्या पेटीतून एक मराठी पुस्तक काढलं. येवल्याहून आणलेलं, मुखपृष्ठ गेलेलं. तात्यासाहेबांनी चाळलं आणि तोंड वाकडं केलं. "यात पुणं हाय, सातारा हाय. आमचं औरंगाबाद कुठंय?"

मी मनातल्या मनात मांडे खायला लागले होते. तेवढ्यात ती म्हणाली, "मग पुस्तक नको. घरापासनंच सुरुवात करू. घरातली एकेक जुनी वस्तू घ्यायची न् मागं मागं जायचं."

पुस्तकाशिवाय इतिहास! मला वाटलं, तात्यासाहेब हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "दसऱ्यापर्यंत दोघीबी शिकवा. ज्या पोराला जिथं बसायचं तिथं बसू द्या. दसऱ्याला गयास मुन्शींना बोलावतो, ते परीक्षा घेतील. जिची पोरं चांगलं सांगतील, तिचाच इतिहास या घरात चालंल. आणि पोरांची समदी शाळाबी तिच्याकडंच."

दुसऱ्या दिवशी ओसरीच्या एका टोकाला मी बसले, दुसऱ्या टोकाला ती. अकरा पोरं तिच्याकडं गेली. माझ्याकडं राहिली सहा, त्यातली दोन बसल्या जागी पेंगत होती.

त्या अकरांत भागू होती. नणंदेची मुलगी, नऊ वर्षांची. तापात तिला मांडीवर घेऊन मी रात्री काढल्या होत्या, वेणी माझ्याशिवाय कुणाला घालू द्यायची नाही. तिनं पाटी उचलली, माझ्याकडं एकदा पाहिलं आणि तुरुतुरु तिकडं गेली. नव्याचे नऊ दिवस, असं मी थोरल्या जावेला हसत म्हटलं. पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

सारजाचं शिकवणं कसं होतं, तर शिकवणं वाटतच नव्हतं. तिनं पोरांकडून चिंच फोडून घेतली, चिंचोके धुऊन वाळवले. एक चिंचोका म्हणजे दहा वर्षं. ओसरीच्या पायरीपासून रांग लावायची आणि अंगणातून मागं मागं गोठ्याकडं जायचं. पहिल्या चिंचोक्यात भागूचा जन्म. सहाव्याशी तात्यासाहेबांचा. मग पोरं म्हाताऱ्या माणसांकडं धावायची. मोठा दुष्काळ कधी पडला, विहीर कोणी खोदली, आजीचं जातं कुठून आलं. पाणचक्कीच्या पाण्यावर पीठ कधीपासून दळतात, हे विचारायला त्या पोरांतला पुंजाराम एकटाच तिथवर जाऊन आला. माझ्याकडं महिन्याभरात ज्या पोराला दोन बादशहांची नावं पाठ झाली नव्हती, तो तिकडं जाऊन चिंचोके मोजत होता.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. भाकरी करपायच्या. खोटं कशाला बोलू, कुठंतरी ती चुकावी म्हणून मी डोळ्यांत तेल घालून बसले होते.

आणि ती चुकली.

तात्यासाहेबांनी पोरांना दाखवायला म्हणून वतनाच्या सनदेची मोडीतली नक्कल तिला दिली. मूळ सनद फारसीत, पेटीत कुलपात. नकलेवर साल होतं ११५३, नुसता आकडा. आमच्या मुलखातल्या शेंबड्या पोरालाही कळतं, सरकारी कागदावरचं साल फसलीच असणार. त्यात पाचशे नव्वद-एक्क्याण्णव मिळवले की इंग्रजी साल येतं. म्हणजे वतन दोनशे वर्षांना थोडं कमी, पहिल्या निजामाच्या काळातलं. पण सारजा येवल्याची. तिथल्या शाळेत कागदावरचा आकडा इंग्रजी सालाचाच. ती तशीच मोजत गेली. मोजता मोजता रांग अंगण ओलांडून गोठ्यापाशी पोचली. अठ्ठ्याहत्तरावा चिंचोका. आणि त्याच्या तीन चिंचोके अलीकडं तिनं आधीच देवगिरीच्या यादवांचं राज्य मांडलेलं.

"पोरांनो," ती म्हणाली, आणि तिचे डोळे चमकत होते, "तुमचं वतन देवगिरीच्या राज्याहून जुनं हाय!"

पोरांनी आरोळी ठोकली. मी खिडकीतच हसले. इतकं गोड हसू मला कितीतरी महिन्यांत आलं नव्हतं.

तिला बाजूला घेऊन सांगायला काय लागत होतं? दोन वाक्यं. जावेचं नातं होतं, ती मला 'अक्का' म्हणायची, वाढताना पहिली भाकरी माझ्या ताटात घालायची. मी सांगितलं नाही. दसऱ्याला पंधरा दिवस होते. मी पंधरा दिवस तोंड शिवून बसले.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी भागू माझ्याकडं आली. मी ज्वारी निवडत होते. ती जवळ बसली आणि म्हणाली, "काकी, चावडीवरनं तात्यासाहेबांना कागद आलाय. त्याच्यावर साल १३४४ लिव्हलंय. पण नवी काकी म्हणते, हे १९३५ हाय. मग सनदेवरचं साल कोणत्या मोजणीतलं?"

नऊ वर्षांची पोर! माझ्याजवळ राहिली असती तर मी तिला कडेवर घेऊन नाचले असते.

"नव्या काकीला इचारलंस?" मी म्हटलं.

"तिला ती दुसरी मोजणी म्हाईतच नाय. म्हणली, तुझ्या काकीला इचार, तिला समदं येतं."

'तिला समदं येतं.' ते ऐकून तरी मी विरघळायला हवं होतं. पण मला वाटलं, बघा, पोरीपुढं मोठेपणा मिळवायची ही नवी तऱ्हा. मी ज्वारीतला खडा काढला आणि म्हटलं, "नव्या काकीनं सांगितलंय ना? मग तेच बरोबर. जा, पाठ कर."

दसऱ्याला सोनं वाटून झालं आणि गयास मुन्शी आले. आमच्या गल्लीतलेच, फारसीचे जाणकार, पांढरी दाढी. ओसरीवर गादी घातली. बायका आम्ही दाराआड. माझी सहा पोरं उभी राहिली आणि त्यांनी पुस्तकातल्या सगळ्या बादशहांची नावं घडाघडा म्हटली. त्यातला सांडू एकदा अडखळला, बाकी झकास. मुन्शीजींनी मान हलवली.

मग भागू पुढं आली. पाठ ताठ, आवाज खणखणीत. जातं, विहीर, दुष्काळ, पाणचक्की. मुन्शीजी पुढं झुकून ऐकत होते. मला वाटलं, जिंकते की काय ही. मग ती म्हणाली, "आणि आमचं वतन सातशे ब्याऐंशी वर्षांचं हाय. देवगिरीच्या राज्याच्याबी आधीचं."

मुन्शीजी पोट धरून हसले. "क्या बात है, तात्यासाहेब! आपली सनद मी खुद वाचली हाय. निजामाच्या दफ्तराची मोहर, अन् देवगिरीच्या आधी? बेटी, वो फसली है, फसली!"

बाहेरच्या पुरुषमंडळींत हशा पिकला. तात्यासाहेबांचे कान लाल झाले. घराण्याच्या मोठेपणाचं पाहुण्यासमोर हसू झालं होतं. ते दाराकडं न बघता म्हणाले, "येवल्याचं शिकवणं येवल्यात ठेवा. उद्यापासनं समदी पोरं मनकर्णाकडं."

भागू तशीच उभी होती. तिनं वळून दाराच्या फटीतून माझ्याकडं पाहिलं. रडली नाही. मी आपट्याच्या पानांचं तबक उचललं आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी सतरा पाट्या माझ्यासमोर. मी उर्दू पुस्तक उघडलं, आणि बघते तर अठरावी पाटी घेऊन सारजा दारात उभी.

"अक्का, मलाबी बसू द्या. मला फसली येत नाय. शिकाया पायजे."

नाही कसं म्हणणार? ती शेवटच्या रांगेत बसली. दोन-चार दिवसांत ती शेवटची रांगच सगळ्यांत दाट झाली. पोरं सरकत सरकत तिच्याभोवती गोळा व्हायची. मी पुस्तकातून सांगायची आणि ती मागून सरळपणे विचारायची, "अक्का, त्या सालात आपल्या गल्लीत काय असंल हो?" मग मला सांगावं लागायचं, आणि पोरं कान टवकारून ऐकायची. लोक म्हणायचे, मनकर्णाबाई अलीकडं किती छान शिकवतात. ते ऐकून मी आणखीच जळायची.

दोन वर्षं गेली. भागू अकराची झाली. माझ्याकडं यायची, बोलायची, पण वेणी आता स्वतःच घालायची. एके दिवशी तिचं न् माझं पाटीवरून वाजलं. मी रागाच्या भरात बोलून गेले, "जा तुझ्या नव्या काकीकडं! साधं फसली ठाऊक नव्हतं, न् म्हणे मास्तरीण!"

भागू थबकली. मग हळू आवाजात म्हणाली, "तिला ठाऊक नव्हतं. तुमाला व्हतं. मी इचाराया आले व्हते."

मी हातातली पाटी पुसायला लागले.

"मी दसऱ्याच्याच रात्री नव्या काकीला समदं सांगितलं," ती म्हणाली. "तात्यासाहेबांना सांगाया निघाले व्हते. तिनं माझा हात धरला. म्हणली, कुणाला बोलायचं नाय. तुझ्या काकीला या शाळेबिगर दुसरं काय हाय? राहू दे तिला."

सारजानं शिवी दिली असती तर मी दोन परत दिल्या असत्या. भांडली असती तर मी सगळी गल्ली गोळा केली असती. पण तिनं माझी कीव केली होती, अठरा वर्षांच्या पोरीनं, आणि दोन वर्षं मला कळूही दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी शाळा तिच्या हवाली केली, असं सांगितलं तर ऐकणाऱ्याला बरं वाटेल. मी केली नाही. माझी छाती झाली नाही. पुढं सहा वर्षं मीच शिकवलं. रोज न्याहारीनंतर सारजा पाटी घेऊन यायची, शेवटच्या रांगेत बसायची आणि म्हणायची, "अक्का, काल कुठवर आलो व्हतो?" मी तिच्याकडं न बघता सांगायची. आणि रोज मला कळायचं की या जागेवर मी बसलेय, ते तिनं बसू दिलंय म्हणून.