आप्पांनी भरलेलं पाणी

माझ्या नवऱ्याने, गिरीशने, बोट घेतली तेव्हा मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नव्हते. सरकारी हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर, घरी असतो तेव्हा झोपलेला असतो, पोहता येत नाही, आणि याला आयर्लंडच्या शॅनन नदीवर तीस वर्षं जुनी बोट हवी! दोन वर्षांत आम्ही तिच्यावर सात वेळा बसलो असू. त्यातही दोनदा मला उलटी झाली.

पण ती बोट आप्पांच्या कामी आली.

आप्पा म्हणजे माझे सासरे, प्रकाश तायडे. अकोल्याच्या एसटी डेपोत त्यांची सगळी नोकरी झाली, शेवटची अकरा वर्षं हेड मेकॅनिक म्हणून. गाडी फाटकातून आत येतानाच्या आवाजावरून तिचं काय बिघडलंय ते सांगायचे. सासूबाई गेल्यावर गिरीशने दीड वर्ष कागदपत्रांमागे धावून त्यांना आयर्लंडला आणलं, कायमचं. अकोल्याचं घर आवरून टाकलं. परत जायला मागे काही उरलं नाही, आणि हे आप्पांना पक्कं ठाऊक होतं.

सिटीवेस्ट उपनगरातल्या आमच्या घरात ते दिवसभर खिडकीशी बसत. लुआस ट्राम आली, लुआस गेली. रेवाशी, म्हणजे आमच्या मुलीशी, काही बोलायला जावं तर तिला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीतून येतं. मी म्हटलं, "अगं, आजोबांशी बोल जरा." तर म्हणाली, "ही इज ग्रँड, ममा." इकडे ग्रँड म्हणजे ठीक. ठीक कसले! महिनाभरात निम्मे झाले होते. एकदा जेवताना ताटावरून मान न उचलता म्हणाले, "गिरीश, मले इथं कायले आनलं? मी कोनाच्या काय कामाचा?"

पुढच्या रविवारी गिरीश त्यांना बोटीवर घेऊन गेला. मधल्या फळ्या उचलल्या, खाली डिझेलचं चार सिलिंडरचं इंजिन. आप्पा वाकले, वास घेतला, आणि आयर्लंडला आल्यापासून पहिल्यांदा हसले. "अरे, हे त आपलंच लेकरू हाय!" त्या दिवसापासून आप्पांच्या अंगात जीव आला. दर रविवारी बोट. फिल्टर बदल, पट्टा घट्ट कर, नोझल काढून पूस. खंडेनवमीला इंजिनाला हळदकुंकू वाहिलं, डेपोत वाहायचे तसं, आणि त्या दिवशी गिरीशला चावीला हात लावू दिला नाही. घरी आल्यावर रेवाला इंजिनाचं चित्र काढून दाखवलं. गिरीश मला म्हणाला, "बघ, आता रमतील." मी बोटीला मनातल्या मनात माफ केलं.

ऑक्टोबरच्या शेवटी बोट पाण्याबाहेर काढून लाकडी ठोकळ्यांवर उभी केली. हिवाळ्यात इंजिनात पाणी राहिलं तर ते गोठतं, फुगतं आणि लोखंड फोडतं. म्हणून गिरीशने इंजिनातलं सगळं पाणी सोडून दिलं, खालचे दोन प्लग, म्हणजे पाणी सोडायची बुचं, काढून पिशवीत घातले आणि पिशवी चावीला बांधली. न गोठणारं नवीन कूलंट वसंतात घालणार होता. आप्पांना तेव्हा सर्दीताप होता, ते घरीच होते. जेवताना गिरीशने सांगितलं, "पाणी काढून ठेवलंय." आप्पांनी मान हलवली. का काढलं, ते कुणी सांगितलं नाही. छत्तीस वर्षं इंजिनं हाताळलेल्या माणसाला आपण काय सांगायचं, असं आम्हा दोघांना वाटलं असावं. अकोल्यात थंडीने इंजिन फुटतं हे त्यांच्या बापजन्मात कुणी ऐकलं नव्हतं, हे आमच्या डोक्यातच आलं नाही.

नोव्हेंबरात गिरीश ड्युटीवर असताना आप्पा माझ्या मागे लागले. नट आवळायचे पाने बोटीवर राहिलेत, घेऊन चल. पाऊस, वारा, वर माझी ऑफिसची मीटिंग. कपाळाला आठ्या घालूनच मी गाडी काढली. मरीनात, बोटी ठेवतात त्या धक्क्यावर, पोचल्यावर गाडीतच बसून फोनवर मीटिंग करत राहिले. समोर आप्पा नळावरून बादली भरून शिडी चढत होते. तीन-चार खेपा झाल्या. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, निसरडी शिडी. मी उतरलेसुद्धा नाही.

परत आले तेव्हा हात लाल झाले होते, पण चेहरा खुलला होता. "तुह्या नवऱ्यानं काम अर्धं सोडलं होतं. इंजिन कोरडं ठेवलं त आतून गंज चढते. प्लग बसवले, पानी भरून देल्लं."

मी म्यूट काढत म्हटलं, "बरं."

बस, एवढंच. एका शब्दाने ते पाणी तिथेच परत काढायला लावता आलं असतं, घरी येऊन गिरीशला सांगता आलं असतं. मी विसरून गेले. ते मी अजून गिरीशला सांगितलेलं नाही. इतरांना फटाफटा बोलणारी मी, इथे मात्र माझी जीभ उचलत नाही.

जानेवारीत चार दिवस उणे सातपर्यंत पारा उतरला. आप्पा खिडकीतून पांढरं गवत बघत बसायचे आणि म्हणायचे, कधी एकदा मार्च येतो.

मार्चच्या पहिल्या रविवारी आम्ही तिघं गेलो. गिरीशने चावीला बांधलेली पिशवी पाहिली. रिकामी होती. त्याचा चेहरा उतरलेला मला दिसला. आप्पांनी नेहमीप्रमाणे आधी तेल मोजायची पट्टी ओढली. तेल खुणेच्या कितीतरी वर, आणि पट्टीच्या टोकाला पाण्याचे थेंब; तेलात पाणी उतरलं होतं. त्यांनी ते बोटाने पुसून पाहिले. मग टॉर्च घेऊन पोटावर आडवे झाले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. इंजिनाच्या अंगावर वीतभर चीर गेली होती.

"हे कायनं फुटलं?" ते आतूनच म्हणाले. "उभ्या जागी इंजिन फुटते का?"

"थंडीने, आप्पा," गिरीश म्हणाला. "आत पाणी राहिलं होतं, ते गोठलं. मीच काढायला विसरलो. चूक माझी."

आप्पा हळूहळू उठून बसले. कानटोपी काढली. माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि मला वाटलं, आता माझं नाव घेणार. घेतलं असतं तर बरं झालं असतं.

"तू इसरला नव्हता, बाप्पा," ते म्हणाले. "तू काढलं होतं. मी भरलं."

गिरीशने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाला, जुनंच तर इंजिन होतं, दुसरं बसवू, तुम्हीच बसवा. आप्पांनी पाने एकेक करून पुसले, डब्यात ठेवले आणि डबा गिरीशच्या हातात दिला.

बोट अजून ठोकळ्यांवरच आहे. रविवारी गिरीश विचारतो, "येता का?" आप्पा म्हणतात, "तू जाऊन ये." मग तोही जात नाही.

परवा शनिवारी सकाळी मी जिना उतरून खाली आले तर आप्पा स्वयंपाकघरात नळापाशी उभे होते. हातात रिकामी किटली होती. किती वेळ उभे होते कोण जाणे. मला पाहून ओशाळले आणि किटली पुढे धरून, तिच्यावरच्या पाण्याच्या खुणांवर बोट फिरवत हळूच म्हणाले, "मृणालिनी, च्या करतो म्हनलं. याच्यात पानी कुठलोक भरू?"