नातेवाईक वगळून

संशोधन करायचं ठरवलं तेव्हा मला उत्तर आधीच माहीत होतं. हीच पहिली चूक, असं आता कोणीही सांगेल. पण एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या, स्वतःला अर्धी डॉक्टर समजणाऱ्या पोरीला ते तेव्हा कोण सांगणार होतं? आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं असंही नाही.

उत्तर असं होतं की घाटाखालचं खारं पाणी माणसांच्या किडन्या खातं. आमच्या जिल्ह्यात घाटावरचे आणि घाटाखालचे अशा दोन जाती आहेत, आणि त्या पाण्यावरून पडलेल्या आहेत. मी घाटावरची, बुलढाण्यात वाढलेली. आजोळ मात्र घाटाखाली, वरवट बकालपासून जवळच्या एका खेड्यात. तिथल्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. लहानपणी दर सुट्टीत तिथे गेले की कोणीतरी किडनीने गेल्याचं कानावर पडायचं, आणि सांगणारा ते इतक्या सहज सांगायचा की बदली होऊन गेला असावा असं वाटे.

त्याच गावात माझा एकुलता एक मामा पिठाची गिरणी चालवतो आणि जन्मापासून तेच पाणी पितो. पक्का कागद हाती असला तर गावाला गोड्या पाण्याची योजना मागता येईल, असं तो नेहमी म्हणायचा. तो कागद मला त्याला आणून द्यायचा होता. अर्जात मी समाजासाठी वगैरे बरंच लिहिलं. खरं सांगायचं तर मला मामा हवा होता, धडधाकट, म्हातारा होईपर्यंत.

आमच्या कॉलेजात विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांचे छोटे प्रकल्प असतात. मला गाइड म्हणून मिळालेल्या मॅडम कडक होत्या आणि त्याचा मला अभिमान होता. विषय ठरला: एका गावातल्या प्रौढांचं पिण्याचं पाणी आणि त्यांच्या रक्तातलं क्रिएटिनिन. किडनी थकली की हे क्रिएटिनिन रक्तात वाढतं, इतकं सोपं ते आहे. कोणाला तपासायचं नाही याची यादी करताना मी गरोदर बाया लिहिल्या, आधीच किडनीचा आजार असलेले लिहिले, आणि मग आपणहून तिसरी ओळ टाकली: संशोधकाचे नातेवाईक. घरच्या माणसांना नाही म्हणता येत नाही, त्यांची संमती खरी नसते, असं कुठेतरी वाचलं होतं. मॅडमनी ती ओळ वाचून मान वर केली आणि म्हणाल्या, "छान. हे सहसा विद्यार्थ्यांना सुचत नाही." त्या एका "छान"वर मी आठवडाभर जमिनीवर नव्हते.

उन्हाळ्यात मी सुया, नळ्या आणि बर्फाचा डबा घेऊन गावात उतरले. मामाने स्टँडवरच, चारचौघांत, वाकून माझ्या पायाला हात लावला. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. लहानपणी मला त्याची मजा वाटायची, आता अवघडल्यासारखं झालं. त्याने माझी बॅग उचलली आणि गिरणीपर्यंत भेटेल त्याला सांगत गेला, "माही भाची डॉक्टर होऊन राह्यली. रगत घेते, पन दुखत नाई."

दुखायचं. पहिल्या आठवड्यात तर एकेका हातात मी तीन-तीनदा सुई टोचत होते. उपकेंद्रातल्या सिस्टर शेजारी उभ्या राहून कपाळाला हात लावायच्या, आणि ज्याला टोचलं तो माणूस "काई नाई, काई नाई" म्हणत माझीच समजूत काढायचा. तरी एकाही घराने दार लावलं नाही. ते माझं कौतुक नव्हतं. दळणाला येणाऱ्या प्रत्येक बाईच्या डब्यासोबत मामा माझा निरोप पाठवत होता.

घराघरात गेलं की सगळं ठरल्यासारखं व्हायचं. खुर्ची पुढे यायची, ताटलीत ठेवलेला पाण्याचा ग्लास यायचा. पाणी थंड आणि गोड. मग संमतीपत्रावर सही, मग प्रश्न. पिण्यासाठी कोणतं पाणी वापरता? "फिल्टरचं." कोपऱ्यात पाण्याचा जार डोळ्यांना दिसतच असायचा. मी टिक करायचे आणि दंडाला पट्टा बांधायचे. गाव सुधारलं म्हणून मला बरंही वाटायचं.

मामाने मला रक्त घ्यायला तीनदा सांगितलं. पहिल्यांदा दुसऱ्याच दिवशी, गिरणीत, पिठाने पांढरा झालेला हात पुढे करून. "माहं बी घे की."

"तू नातेवाईक हाय न मामा. नियमात बसत नाई."

"नियम कोनं केला?"

"म्याच."

तो मोठ्याने हसला. "मंग राह्यलं. तसंबी घरचा मानूस शेवटच्या पंगतीले बसते. सगये जेवून उठू दे."

दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा सोबत हेही म्हणाला की संध्याकाळी पाय जड होतात, चपलेचा वळ उमटतो. मी वाकून पाहिलंही नाही. दिवसभर गिरणीत उभा राहतोस म्हणून होतं, असं सांगून मोकळी झाले. तिसऱ्यांदा त्याने नुसतं बाही वर करून दाखवली आणि मी नळ्यांची मोजदाद करत "नंतर रे" म्हटलं. प्रकल्पाच्या बाहेर, नुसतं भाची म्हणून, एक नळी घेता आली असती. कोणत्याही कमिटीने माझा हात धरला नव्हता. हे मी तेव्हापासून रोज स्वतःला सांगते. तेव्हा ते सुचलं नाही, कारण मामा आजारी असेल ही गोष्ट मला शक्यच वाटत नव्हती. मी त्याला वाचवायला आले होते, तपासायला नाही.

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी मामाच्या घरी मी पाणी प्यायला स्वतःच उठले. एरवी मामी उठू द्यायची नाही. ती मागे भांडी घासत होती. स्वयंपाकघराच्या आत, दाराआड, एक माठ होता, त्यातून मी ग्लास भरला आणि पहिला घोट तसाच मोरीत थुंकला.

"मामी, हे तं खारं हाय!"

ती ओल्या हातांनी धावत आली. "त्यातलं काऊन घेतलं बाई? ते हापशीचं हाय. जार हाय न बाहेर."

"तुमी कोनतं पिता?"

"आमी हेच. आमाले चालते. जार तुह्यासाठी आनला, पाव्हन्यायसाठी."

"अन् गावात? बाकीच्यायकडे?"

मामीला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. "तसंच. पाव्हन्याले कोनी खारं देते का?"

दोन महिने मी घरोघर पाहुण्यांचं पाणी मोजत होते. लोक खोटं बोलले, असं मला आजही म्हणवत नाही. गिरणीवाल्याची भाची, शिकून आलेली, दारात बसून विचारते की तुम्ही कोणतं पाणी पिता, आणि तिच्या हातात गोड्या पाण्याचा ग्लास आहे. अशा वेळी हापशीचं असं कोण सांगेल? आणि मी त्याच गावची नात. शेकडो ग्लास पाणी पिऊन मला एकदाही शंका येऊ नये, याचा मला आजही राग येतो.

उरलेल्या दिवसांत मी धावतपळत पुन्हा घरोघर गेले. खरं कोणतं पिता, असं विचारलं. माणसं दुखावली. ज्या आजीने आधी मला पोटभर जेवायला घातलं होतं ती म्हणाली, "म्हंजे आमी लबाड हाओत का?" आणि सगळे आपापल्या उत्तराला चिकटून राहिले. मी मॅडमना फोन केला, आता प्रत्येक टिक बदलते म्हणाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "उत्तरं घेऊन झाल्यावर ती आपल्याला हवी तशी बदलायची, याला काय म्हणतात माहीत आहे ना?" माहीत होतं. त्या बरोबर होत्या, आणि त्यामुळे भांडताही येईना. "मर्यादांमध्ये लिही," म्हणून त्यांनी फोन ठेवला. मर्यादा म्हणजे अहवालाच्या शेवटी संशोधनातल्या त्रुटी कबूल करायचा भाग.

निकाल व्हायचा तोच झाला. जवळजवळ सगळेच फिल्टरचं पाणी पितात म्हटल्यावर तुलना कशाची कशाशी करणार? हापशीचं पितो असं तोंडावर सांगणारे थोडेच निघाले, ते बहुतेक मजुरीला जाणारे तरणे लोक, आणि त्यांच्या किडन्या ठणठणीत होत्या. ज्यांचं क्रिएटिनिन वाढलेलं होतं त्यांना मी मोठ्या दवाखान्यात जायची चिठ्ठी दिली. कितीजण गेले ते मला कळलं नाही, विचारायला मी थांबले नव्हते. पाणी आणि किडनी यांचा संबंध आढळला नाही, असं लिहून मी अहवाल दिला आणि प्रमाणपत्र घेतलं. टाळ्या वाजल्या.

गावाला निकाल कळवायचं कबूल केलं होतं, म्हणून एक पान मराठीत लिहिलं. इंग्रजी अहवालात त्या एका वाक्यामागे मर्यादांचा अख्खा परिच्छेद होता. मराठी पानावर मी तो घेतला नाही. काय लिहिणार होते? की तुम्ही मला पाहुणी समजलात म्हणून माझं संशोधन बुडालं? मामाच्या गावाला खोटारडं ठरवायची हिंमत झाली नाही. मामाने ते पान कणकेच्या खळीने गिरणीच्या भिंतीवर चिकटवलं. पुढे कळलं की खरोखर जारचं पिणाऱ्या दोनचार घरांनीही तो आणणंच बंद केलं. पाण्याची योजना मागायला कोणी गेलंच नाही. कागदच म्हणत होता की पाणी बरं आहे.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी मामाला उलट्या सुरू झाल्या. कोणी पित्त म्हणालं, कोणी काविळीचं औषध दिलं. शेवटी रक्त तपासलं आणि मामीने रिपोर्टचा फोटो मला पाठवला. मी वॉर्डाबाहेरच्या जिन्यावर उभी होते. क्रिएटिनिनचा आकडा वाचून आधी वाटलं, छापताना चूक झाली. दोन्ही किडन्या संपल्या होत्या. तोवर मी तिसऱ्या वर्षात होते आणि मला एवढं कळत होतं की हे एका वर्षात होत नाही. त्या उन्हाळ्यात नळी घेतली असती तर दिसलं असतं. बरा झाला नसता कदाचित, पण गोळ्यांवर काही वर्षं निघाली असती. मी जिन्यावरच बसले आणि हमसून रडले, आणि त्या रडण्याचा कोणाला काही उपयोग नव्हता.

आता आठवड्यातून दोनदा मामा डायलिसिसला जातो. गिरणी बंद आहे. सुट्टी मिळाली की मी सोबत जाते. एकदा यंत्र सुरू असताना तो म्हणाला, "एक बरं हाय बाई. तुह्या कागदात पान्याचं काई निंघालं नाई. म्हंजे हे माहं माहंच नशीब. तुह्या मामीले काई होनार नाई."

मला राहवलं नाही. मी रडत रडत सगळं सांगितलं. जार, माठ, टिक केलेली उत्तरं, मर्यादा, मराठी पानावरून गाळलेला परिच्छेद. कागद चुकीचा आहे मामा, म्हटलं, माझ्यामुळे चुकीचा आहे. तुझं रक्त घेतलं नाही, तेही माझ्यामुळेच. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने नळीतून जाणाऱ्या रक्ताकडे पाहिलं.

"मंग तिचं रगत घे," तो म्हणाला. "उद्याच घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात मामीच्या दंडाला पट्टा बांधला. आता माझी सुई एका फटक्यात शीर गाठते. संध्याकाळी रिपोर्ट आला. मामीचंही क्रिएटिनिन वाढलेलं होतं. मामाइतकं नाही, पण वाढलेलं.

मामीला मी खरं सांगितलं. पथ्य, गोळ्या, दर महिन्याची तपासणी, सगळं सांगितलं. तिने मान डोलावली आणि पदराने तोंड पुसलं. "ह्यायले नको सांगू," ती म्हणाली. "त्याईच्या जिवाले तेवढाच एक आधार हाय. पहिले त्याईचं होऊ दे, माहं मंग पाहू."

मी पुष्कळ वाद घातला. ती बधली नाही. दोघांनी दवाखान्याच्या वाऱ्या केल्या तर घर कोण पाहील, असं तिने उलट मलाच विचारलं.

पुढच्या डायलिसिसला मामाने मी खुर्ची ओढून बसायच्या आतच विचारलं, "काय आलं तिचं?"

"नॉर्मल," मी म्हटलं.

त्याने डोळे मिटले. सुई नसलेल्या हाताने माझा हात दाबला आणि कितीतरी दिवसांनी हसला.

"पाह्य," तो म्हणाला, "उगाच रडून राह्यली होती. तुहा कागद बरोबरच होता."